सगळ्यांनी खाल्लं, साहेब

निवृत्तीनंतर माझं शेवटचं पोस्टिंग फ्रँकफर्टला झालं. ऑर्डर मुलीची, शुभदाची. ड्यूटी एकच: नात रेवाचं खाणं बघायचं. रेवा सोळा वर्षांची. इथल्या एका फेराइनकडून, म्हणजे क्लबकडून, पंधराशे मीटर धावते. आईबाप साडेसातला ऑफिसला जातात. "बाबा, तुम्ही लंगर सांभाळलाय, तुम्हाला यातलं कळतं," असं जावई निखिलराव म्हणाले. मी चार वर्षं लंगर कमांडर होतो, म्हणजे कंपनीचा भटारखाना माझ्या हाताखाली होता. मला यातलं किती कळतं, ते आज लिहितो.

पळणाऱ्याला खायला घालणं अवघड नसतं. आदल्या संध्याकाळी पोटभर डाळभात. सकाळी पळायच्या तासभर आधी चहा, पाव-जॅम, केळं. वाटेत मीठ-साखरेचं पाणी, खिशात शक्करपारे, म्हणजे आपली शंकरपाळी. परत आल्यावर दूध-अंडी. हल्ली हेच डब्यांतून आणि पुड्यांतून विकतात, आणि लोक ते हौसेने घेतात. लंगरच्या फळ्यावर मी खडूने लिहिलं होतं: आधी पोटोबा, मग विठोबा.

मी लंगरवर असताना एका वर्षी पलटण राजस्थानात होती. एप्रिलमधला शनिवार. तीस किलोमीटर स्पीड मार्च, पाठीवर पूर्ण सामान, बारा जणांची टीम, दोन स्पेअर. शेवटचा माणूस पोचेल तो टीमचा टाइम.

साडेचारला लंगरमध्ये बारा जण बसले. लान्स नाईक विलास खरमाटेने ताट पालथं घातलं होतं. जत तालुक्यातला गडी, कंपनीत सगळ्यात काटक.

"काय रे?"

"शनिवार आहे, हवालदारसाहेब. अकरा बोललोय. आजचा अकरावा."

"पाणी तरी घे."

"निर्जळी आहे. संध्याकाळी नारळ फोडून सोडतो."

त्याच्या बायकोला आठवा महिना होता. आधी दोनदा पोटातलं राहिलं नव्हतं. अकराव्या शनिवारी उपास मोडायला मी कुठल्या तोंडाने सांगणार? माझी आईही शनिवार धरायची. मी शक्करपाऱ्यांची पुडी त्याच्या पाऊचमध्ये कोंबली.

पाच वाजता सुभेदारसाहेबांचा रेडिओवर आवाज आला. "लंगर, सगळ्यांनी खाल्लं?"

"सगळ्यांनी खाल्लं, साहेब."

खरं सांगितलं असतं तर स्पेअर पळाला असता. तो शेजारीच बूट बांधून उभा होता.

आठ चाळीसला रेडिओ बोलला. "कॅज्युअल्टी वन. पॉइंट ट्वेंटी-फाइव्ह. अ‍ॅम्ब्युलन्स भेजो." विलास वेड्यासारखा बडबडत होता, मग तेही थांबलं. दहा वीसला एमआय रूममध्ये, पलटणीच्या दवाखान्यात, त्याने प्राण सोडला. उष्माघात. त्याची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती, पुडी तशीच बंद. कॅप्टन डॉक्टरांनी विचारलं, "इसने पानी क्यों नहीं पिया?"

"पता नहीं, साहब."

पाच आठवड्यांनी त्याला मुलगी झाली, धडधाकट. गावात म्हणतात, विलासचा उपास फळाला आला. मी तिच्या बारशाला गेलो होतो. तिथेही मी काही बोललो नाही. त्या दिवसापासून माझी मला किळस येते.

आता इथलं. गेल्या हिवाळ्यापासून रेवाचा टाइम सुधारत होता. घरात कौतुक, क्लबात कौतुक. मी रोज सकाळी विचारायचो, "खाल्लंस का गं?" ती म्हणायची, "शोन गेगेसन, आबा." खाल्लंय कधीच. मी दर रविवारी तिच्यासाठी शंकरपाळी करून पुड्या बांधतो. मार्चमध्ये तिच्या स्पोर्ट्स बॅगेच्या तळाशी मला नऊ पुड्या सापडल्या. सगळ्या बंद.

या वेळी मी रिपोर्ट दिला, त्याच संध्याकाळी, दोघांना समोर बसवून. शुभदा रडली. निखिलराव म्हणाले, "बाबा, जरा अति होतंय. तिची बेस्टत्साइट, आजवरचा बेस्ट टाइम, आलीय आत्ताच." पुढे तिची पाळी थांबल्याचं कळलं, तेव्हा धावपळ झाली. डॉक्टरांनी तपासून खाण्याच्या आजारांच्या क्लिनिककडे पाठवलं, पळणं बंद करायला सांगितलं. क्लिनिकचा टेर्मिन, म्हणजे भेटीची तारीख, चौदा आठवड्यांनंतरची मिळाली. पळणं तिने बंद केलं नाही. आईबापांनी एकदा बूट लपवले, तेव्हा तिने दोन दिवस खोलीचं दार उघडलं नाही, म्हणून त्यांनीच ते परत दिले. माझ्याशी ती बोलत नाही. चुगलखोर म्हाताऱ्याशी कोण बोलेल?

आज शनिवार, तिची शर्यत. दहाला मैदानावरून निखिलरावांचा फोन आला. आवाज दबका होता.

"बाबा, निघताना खाल्लं का तिने काही?"

टेबलावर पाव-जॅमची बशी तशीच होती. केळंही.

"नाही. पाणीसुद्धा नाही. थांबवा तिला."

"ती लाइनवर उभी आहे, बाबा. माझ्याकडे बघतही नाहीये."

"आत जा. हात धरून ओढून आणा."

मग फोनमधून स्टार्टचा बार ऐकू आला, पाठोपाठ लोकांचा आरडाओरडा, आणि फोन बंद झाला.

मी बशीसमोर सावधान उभा राहिलो. "लान्स नाईक विलास खरमाटे," मी मोठ्याने म्हणालो, "यांनी खाल्लं नव्हतं, साहेब. मला माहीत होतं."