ट्रान्सपोर्टमधले अण्णा

ऑकलंडमधल्या आमच्या फ्लॅट बुशच्या घरी जेवायला कुणी नवीन आलं, की माझ्या सासऱ्यांची ओळख अभिनव एका ठरलेल्या वाक्यात करून द्यायचा, "हे आमचे अण्णा. ट्रान्सपोर्टमध्ये होते." समोरच्याच्या डोळ्यांपुढे दहा-वीस ट्रक उभे राहायचे. अण्णा खाली मान घालून वरणभात कालवत राहायचे.

पांडुरंगअण्णा सातारा डेपोत एसटीचे कंडक्टर होते, एकतीस वर्षं. त्या पगारावर अभिनव इंजिनियर झाला, ऑकलंडला शिकायला आला आणि आता ईस्ट टामाकीच्या एका गोदामात मॅनेजर आहे. नवरा माझा भला माणूस, पण या एका बाबतीत मला त्याचा मनस्वी राग यायचा. या खेपेला अण्णा मला म्हणाले, "संपदा, पुढच्या वर्षी मी काही यायचा नाही. इथं मी कोण, तेच मला कळत नाही." मी अभिनवला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, "अगं, एसटी म्हणजे ट्रान्सपोर्टच ना?" आणि अण्णांना बरं वाटावं म्हणून त्याने इटलीची तिकिटं काढली.

उम्ब्रियातल्या एका शेतावर आम्ही आठ दिवस राहिलो. सकाळी गाडी काढायची, डोंगरमाथ्यावरच्या एखाद्या गावात चढायचं, भटकायचं आणि जेवायचं. पहिल्याच दिवशी अण्णांनी पावाचा तुकडा मोडला. "मीठ विसरली बघ बाई." तिथे पावात मीठ घालतच नाहीत हे कळल्यावर ते खिशात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवायला लागले. पण तिथली तव्यावरची जाड भाकरी, आत पालेभाजी आणि मेंढीच्या दुधाचं चीज, त्यांना इतकी आवडली की ती करणाऱ्या बाईंना ते हात जोडून आले. मसुराचं सूप तर त्यांनी दोनदा मागून घेतलं.

पाचव्या दिवशी मोबाइलचं ऐकून अभिनवने गाडी एका चढाच्या बोळात घातली. बोळ अरुंद होत गेला आणि शेवटी दोन्ही आरसे भिंतींना टेकले. दारं उघडेनात. मागे उतार, सवय नसलेल्या बाजूचं स्टिअरिंग आणि खालून एका गाडीचा हॉर्न. रोज तीस ट्रक मार्गी लावणारा माझा नवरा म्हणाला, "मला नाही जमत."

अण्णांनी त्याला डिकी उघडायला लावली आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी मागच्या सीटवरून सरकत सरकत त्या वाटेने खाली उतरले. आमची दहा वर्षांची सुरुची त्यांच्याकडे बघतच राहिली. "आजोबा, व्हॉट आर यू डूइंग?"

खालच्या गाडीवाल्याला त्यांनी हाताने मागे जायला सांगितलं. तो निमूट गेला. मग डिकी बंद झाली आणि आमच्या गाडीच्या पाठीवर दोन थापा पडल्या.

"अभि, डबल बेल म्हणजे काय?"

"चला," अभिनव म्हणाला.

"आणि एक?"

"थांबा."

"मग आरशात बघू नकोस. नुसतं ऐक."

दोन थापा, गाडी हातभर मागे. एक थाप, थांब. लहानपणी सुट्टीत अभिनव वडिलांच्या एसटीतून महाडपर्यंत जायचा, घंटा ऐकत. हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. अण्णांनी ते नंतर सांगितलं, पण ती सवय मला तेव्हाच त्याच्या पायांवरून कळली, ते ब्रेकवर आपोआप पडत होते. वीस मिनिटांनी आम्ही खालच्या चौकात आलो. गाडीला साधा ओरखडा नव्हता. "स्वीट ॲज, आजोबा," सुरुची म्हणाली, म्हणजे न्यूझीलंडच्या पोरांच्या भाषेत एकदम झकास.

अभिनव तिथल्या एका पायरीवर बसून राहिला. अण्णांनी चटणी लावलेला पाव त्याच्या हातात दिला. त्याने तो सगळा खाल्ला.

परत आल्यावरच्या शनिवारी हॅमिल्टनहून आमच्या ओळखीचे नीलिमा आणि धैर्यशील पहिल्यांदाच जेवायला आले. मी मसुराचं सूप केलं होतं, फोडणी घालून. नीलिमाने विचारलं, "अण्णा, तुम्ही कशात होतात?"

अण्णांनी आधी लेकाकडे पाहिलं. "ट्रान्सपोर्ट..."

"एसटीत कंडक्टर होते," अभिनव म्हणाला. "सातारा डेपो, एकतीस वर्षं." आणि तो आपणहून त्या बोळाची गोष्ट सांगू लागला. "दारं उघडत नव्हती, मागे उतार, आणि मी..." इथे तो थांबला.

अण्णांनी ताटाशेजारी टेबलावर बोटाने दोनदा टकटक केली.

अभिनव पुढे सांगू लागला.