बाद झालेल्यांची ओळ

मंडळी, आज सकाळी दिलीपला पोचवून आलो.

नव्वदच्या दशकात विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात तो कबड्डीचा कॅप्टन होता. त्या सीझनला आम्ही आटपाडीपासून साताऱ्यापर्यंत सगळीकडं हरलो. लय वाईट हरलो.

दर मॅचला आम्ही बाद होऊन रेषेबाहेर ओळीनं बसायचो. महादू कायम पहिला, मग मी. आत एकटा दिलीप. त्यानं समोरचा एक गडी मारला, की ओळीतला पहिला उठून परत आत जायचा.

आज स्मशानातल्या कट्ट्यावर बसलो, तर न ठरवता तीच ओळ. लोक पांगले. मी म्हटलं, "महादू, ऊठ रं, निघू."

तो सरणाकडं बघत म्हणाला, "कसं उठू गड्या? मला उठवणारा तर त्यो तिथं हाय."

तुम्हीच सांगा, पहिलं कुणी उठायचं?