मला घाई नाही, असं मी म्हणाले

लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी करायचं असतं. पण माझी लेक पुण्याला आणि तिचं माहेर इथे, चंदीगडला लागून असलेल्या मोहालीत. तिचे वडील फौजेत होते. शेवटची बदली इथली झाली, मुलांच्या शाळा इथे झाल्या आणि आम्ही राहिलो. ते गेल्यावर मुलाला इथल्याच कंपनीत नोकरी लागली, म्हणून मीही राहिले. गावाकडे आता आमचं घर नाही. लेकीला आठवा लागला तेव्हा तिच्या डॉक्टरणीने सांगितलं, प्रवास अजिबात करायचा नाही. मग ठरलं की मीच तिच्याकडे जायचं.

बाळ पोटात आडवं होतं. त्यामुळे ऑपरेशनचा दिवस आणि वेळ आधीच ठरली होती. शुक्रवार, सकाळी आठ. लेकीला ऑपरेशनपेक्षा पाठीत द्यायच्या सुईची भीती जास्त. लहानपणी साध्या इंजेक्शनला माझं मनगट धरून बसायची, वळ उठेपर्यंत. ती फोनवर म्हणाली, "आई, मला आत नेतील तेव्हा तू दाराशी हवीस. बाकी कोणी असो नसो." मी म्हणाले, "असणारच. मी नाही तर कोण असणार?"

मुलाने गुरुवार दुपारचं विमान काढलं. जानेवारी होता. इथे जानेवारीत सकाळी समोरची इमारत दिसत नाही इतकं धुकं असतं, दुपारी जरा विरतं. मी डिंकाचे आणि अळिवाचे लाडू केले, जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवली, कुंची शिवली. मुलगा म्हणाला, "अगं, सगळं मिळतं तिथे. पुणं आहे ते." मी ऐकलं नाही.

पुढचं सांगायच्या आधी माझ्या एका सवयीबद्दल लिहायला हवं. मी चौथी शिकले. मराठी लिहिता वाचता येतं. हिंदी कळते, पण बोलायची वेळ आली की जीभ जड होते. चारचौघांत बोलायचं म्हटलं तर मराठीतही होते. इथे इतकी वर्षं मी दोन-चार वाक्यांवर काढली. चक्कीवर पीठ दळायला गेले की चक्कीवाला म्हणतो, "आंटीजी, पहले इनका कर दूँ? आपको जल्दी तो नहीं?" मी म्हणते, "नहीं जी, कोई जल्दी नहीं." दवाखान्यात, रेशनवर, बँकेत, सगळीकडे हेच. एवढं म्हटलं की समोरचा खूश होतो आणि पुढे काही बोलावं लागत नाही. गॅसवर दूध ठेवून आलेली असले तरी मी हेच म्हणते.

गुरुवारी मुलाने मला विमानतळाच्या दारात सोडलं. तिकीट नसलेल्याला आत जाऊ देत नाहीत. तो म्हणाला, "कुठे अडलीस तर लगेच फोन कर. लाजू नकोस." मी याआधी दोनदा विमानात बसले होते, पण दोन्ही वेळा तो बरोबर होता.

आत फार गर्दी होती. आदल्या दिवशीची विमानं धुक्यामुळे रद्द झाली होती आणि ती माणसंही आजच्या विमानांवर आली होती. बॅगा द्यायच्या रांगेत मी उभी राहिले. पुढे एक कुटुंब मोठमोठ्याने भांडत होतं. तेवढ्यात विमान कंपनीची एक मुलगी रांगेच्या कडेकडेने येताना दिसली. पंचविशीची असेल. ती माणसांच्या तोंडाकडे बघत बघत येत होती. भांडणाऱ्यांना तिने वळसा घातला, लेकरंवाल्यांना सोडलं, कोटवाल्या माणसाला सोडलं आणि माझ्यापाशी थांबली.

"माताजी, अकेले जा रहे हो?"

"हां जी."

"फ्लाइट थोड़ी ज़्यादा भर गई है. आपको दूसरी फ्लाइट में भेज दें तो चलेगा? आपको कोई जल्दी तो नहीं?"

रांगेतली माणसं माझ्याकडे बघत होती. माझ्या तोंडातून निघून गेलं, "नहीं जी, कोई जल्दी नहीं."

पोटच्या पोरीचं दुसऱ्या दिवशी ऑपरेशन आणि मी म्हणाले, घाई नाही.

मी असं का म्हणाले याचा खूप विचार केला आहे. सवय, हे एक. दुसरं म्हणजे माझ्या डोक्यात एसटी होती. आमच्या भागात गाडी भरली की कंडक्टर म्हणायचा, मागची गाडी येतेय, तिच्यात बसा. आणि अर्ध्या तासात खरंच दुसरी यायची. विमानाचंही तसंच असेल असं मला वाटलं. कधीची दुसरी, हे मी विचारलंच नाही.

तिने मला बाजूच्या टेबलाशी नेलं. एक कागद पुढे केला, इंग्रजीतला. "यहाँ साइन कर दीजिए." मी पेन घेतलं आणि मराठीत सही केली. सही मला चांगली येते. त्यावेळी मनात असंही आलं की बरं झालं, हिला वाटत असेल ही अंगठा उठवेल. तिने मला चहा आणि खाण्याचं कूपन दिलं, "थैंक यू माताजी, आप बहुत अच्छे हो," म्हणाली आणि पळाली.

मी चहा घेतला नाही. खुर्चीत बॅग पायाशी घेऊन बसले. शेजारी एक पंजाबी बाई होती, माझ्याहून थोडी मोठी, हातात विणकाम. तिचं विमान लेट होतं. तिने विचारलं, कुठे जाताय. मी म्हणाले पुण्याला, बेटीची डिलिव्हरी आहे, कल सुबह. एवढं मला बोलता आलं, कारण ती बाई माझ्याकडे न बघता सुया चालवत बोलत होती.

"पूना वाली तो अभी जा रही है! आप यहाँ बैठे क्या कर रहे हो?"

"दूसरी में भेजेंगे."

तिच्या सुया थांबल्या. "ओ बहनजी, दूसरी कहाँ है? पूना की दूसरी तो कल है, कल दोपहर!"

मला वाटलं ती चुकली असेल. पण तिने माझा हात धरला आणि सरळ काउंटरवर नेलं. तिथे ती जे बोलली त्यातलं निम्मं पंजाबीत होतं. "बेटी का आपरेशन है सुबह, और तुमने इसको उतार दिया? शरीफ़ औरत देख के? इतने मर्द खड़े थे लाइन में, किसी और को क्यों नहीं पूछा?" त्या मुलीचा चेहरा उतरला. ती हळूच म्हणाली, "मैंने पूछा था जी. इन्होंने खुद हां बोला."

मग त्यांचा साहेब आला. तो उद्धट नव्हता. त्याने तो कागद हातात घेतला आणि मला विचारलं, "माताजी, आपने अपनी मर्ज़ी से साइन किया ना? किसी ने ज़बरदस्ती तो नहीं की?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंजाबी बाई म्हणत होती, "बोलो! बोलो ना!" ती मुलगी खाली मान घालून उभी होती. मला एवढंच म्हणायचं होतं की मला कळलं नव्हतं, मला आजच जायचंय. हिंदीतले शब्दही मला येत होते. ते मी आत जुळवले. आणि मान हलवली, हो म्हणून.

त्या मुलीची दया आली म्हणून मी गप्प राहिले, असं मी पुढे काही दिवस स्वतःला सांगत होते. ते खरं नाही. मला फक्त तिथून निघायचं होतं.

पंजाबी बाईने कपाळाला हात लावला. "हद है बहनजी," म्हणाली आणि जाऊन आपल्या जागेवर बसली. माझ्या जागेवर कोण बसलं मला माहीत नाही. थोड्या वेळाने काचेतून एक विमान वर जाताना दिसलं. ते पुण्याचंच असेल.

मग मी मुलाला फोन केला. फोनवर मी म्हणाले, "मला विमानात घेतलं नाही रे. जागा नाही म्हणाले."

हे वाक्य खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

तो धावत आला. आतलं कोणी दारापर्यंत येईना, फोन कोणी उचलेना. दिल्लीपर्यंत टॅक्सीने जाऊन तिथून विमान धरू म्हणाला, तर धुक्यात रस्त्यावर उतरायला टॅक्सीवाले तयार नव्हते आणि दिल्लीची विमानंही पाच-पाच तास उशिरा चालली होती. शेवटी कंपनीने दिलेलं दुसऱ्या दिवशीचंच विमान उरलं. गाडीत तो सारखा म्हणत होता, "तिकीट पक्कं होतं. तू वेळेत पोचली होतीस. मर्जीविरुद्ध असं कोणाला ठेवता येत नाही, आई. आधी त्यांनी विचारायचं असतं की कोणी आपणहून थांबतंय का. कोणीच तयार झालं नाही, तरच कोणाला तरी उतरवायचं, आणि मग भरपाई द्यायची. नियम आहे. मी सोडणार नाही त्यांना." मी खिडकीतून बाहेर बघत होते.

शुक्रवारी सकाळी सात वाजता लेकीचा व्हिडिओ फोन आला. तिला हिरवा गाऊन घातला होता. ती हसली. म्हणाली, "आई, मला सगळं कळलंय. दादूने सांगितलं तुझ्याशी कसं वागले ते. तू जिवाला लावून घेऊ नकोस. मी जाते आत." मी म्हणाले, "जा, देवाचं नाव घे." फोन ठेवल्यावर मुलगा चहा घेऊन आला, तो तसाच गार झाला. नऊच्या सुमाराला जावयांचा फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप होत्या.

मी संध्याकाळी पोचले. बाळ हातात घेतलं. लेकीची सासू म्हणाली, "विहीणबाई, तुम्हाला त्रासच झाला फार." लेक पडल्या पडल्याच म्हणाली, "आईला उतरवलं हो विमानातून, चक्क. नाहीतर माझी आई थांबणारी नव्हती." पुढचा सव्वा महिना हेच वाक्य ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती. बाळ बघायला येणाऱ्या बायका कंपनीला शिव्या घालायच्या. मी आत जाऊन बाळाच्या शेगडीत ओवा टाकायचे.

इथे परत आले त्याला आता तीन आठवडे झाले. मागच्या रविवारी आम्ही जेवायला बसलो होतो. मुलाने फोन बघितला आणि त्याचा हात ताटावरच थांबला. त्याने कंपनीला चार वेळा लिहिलं होतं, वर सरकारी ठिकाणीही तक्रार टाकली होती. त्याचं उत्तर आलं होतं. त्याबरोबर त्या कागदाचा फोटो होता.

"आई, ही सही तुझी आहे?"

"माझीच."

"तुला माहितीये यात काय लिहिलंय? मी स्वखुशीने जागा सोडत आहे, असं लिहिलंय."

मी भात कालवत राहिले.

"घाबरवलं का कोणी? दमदाटी केली?" आणि मग जरा आवाज उतरवून, "वाचता येत नव्हतं, न सांगता सही घेतली, असं लिहू शकतो मी. त्या मुलीवर येईल सगळं. पण आपली केस उभी राहील."

मला तिचा चेहरा आठवला. ती कपटी नव्हती. तिने विचारलं होतं. रांगेत कोण नाही म्हणणार नाही, हे तिला बरोबर ओळखता आलं एवढंच.

"नको," मी म्हणाले. "तिने विचारलं, मी हो म्हणाले. नंतर तिच्या साहेबानेही विचारलं. तेव्हाही हो म्हणाले."

त्याने फोन ताटाशेजारी पालथा ठेवला. "दोनदा?"

"दोनदा."

"यार आई," तो म्हणाला. ताट तसंच ठेवून उठला, हात धुऊन आला. "आणि तुझ्या लेकीला काय सांगू? ती रोज विचारते, काय झालं केसचं."

"तू नको सांगूस. मी सांगते."

सोमवारी दुपारी मी फोन केला. बाळ झोपलं होतं. मी सगळं सांगितलं, रांगेपासून. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्या वेळेला मी आठवले नाही का गं तुला?"

आठवलीस म्हणाले असते तर तिला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "नाही आठवलीस. माणसं बघत होती."

मला वाटलं फोन कट झाला.

"आई, मला सुई देताना तीन जणींनी धरलं होतं," ती म्हणाली. "मी रडले नाही. माहितीये का? मी डोळे मिटून एकच बघत होते, की तू तिकडे विमानतळावर उभी आहेस आणि माझ्यासाठी त्या लोकांशी भांडतेयस. तू, जी कधी रिक्षावाल्याशी भांडत नाहीस. म्हटलं, आई एवढं करतेय तर मीही करीन."

"मी नाही भांडले," मी म्हणाले.

"हो. कळलं."

मग बाळ उठलं. "ठेवते, तिला पाजायचंय," म्हणाली.

मुलाने तक्रार मागे घेतली. तो माझ्याशी पूर्वीसारखाच बोलतो. काल म्हणाला, "पुढच्या वेळी मी येईन बरोबर." मी हो म्हणाले नाही, नकोही म्हणाले नाही.

लेकीचा फोन रोज येतो, तो चुकला नाही. पण ती आता फोन बाळाकडे धरते. बाळाची मूठ दिसते, टाळूवरचं तेल दिसतं, आणि तिचा नुसता आवाज येतो, बघ आजीकडे, बघ. आज मी म्हणाले, "तू पण दिस ना जरा."

"नंतर," ती म्हणाली, "केस विंचरले नाहीयेत."

मी म्हणाले, "असू देत. मला तशीच बघायचीये."

फोन थोडा हलला. छत दिसलं, खिडकीचा पडदा दिसला, तिच्या खांद्यावरची ओढणी दिसली. मग परत बाळ.