खाटेखालच्या विटा

कुणी फुकट वडापाव दिला की मी आधी देणाऱ्याचं तोंड बघतो. हा स्वभाव घरातूनच आलाय. आमचं गाव खाडीकाठचं. माझ्या वडिलांनी आपली भातखाचरं नव्या शहरासाठी मोजणीच्या साखळीखाली जाताना पाहिली. तेव्हाही साहेबलोक हसतमुख होते, चहा त्यांचाच होता आणि 'तुमच्याच भल्यासाठी' हे शब्दही त्यांचेच.

त्यामुळे रिक्षावरचा सरकारी भोंगा गावात फिरू लागला तेव्हा मी कान टवकारले. समुद्र वाढतोय, खाडीला संरक्षक बांध घालायचाय, आणि तो कुठून कुठवर घालायचा ते म्हणे लोकांनी सांगायचं. आजवर आमचं कुणी ऐकलं नाही, आणि आता सांगा म्हणतात. मला दाल में काला दिसला.

एकट्यालाच नाही. सभेच्या आदल्या संध्याकाळी देवळात गावाची बैठक बसली. बोलणं एकाच गोष्टीवर आलं. घरात पाणी येतं असं कबूल केलं की घर धोक्यातलं ठरणार, आणि धोक्यातलं ठरलं की आपल्याला उठवणार. निम्म्या गावानं मजल्यावर मजले चढवलेत, परवानगीचं विचारू नका. म्हणून ठरलं की कुणाच्याही घरात पाणी येत नाही. देवासमोर सगळ्यांनी माना डोलावल्या.

येतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडी गटारातून उलटी चढते आणि आमच्याकडे थेट आईच्या खोलीत शिरते. आई तळमजल्याला राहते. वर चल म्हणून किती विनवलं, पण जिना चढला की माणूस आपल्याच घरात पाहुणा होतो, असं तिचं मत. खाटेच्या पायांखाली तिनं विटा लावून घेतल्यात. मी कामाला महाप्याला. दुपारचं उधाण असलं की ती एकटीच पाय वर घेऊन बसते. मागच्या पावसाळ्यात त्या पाण्यात घसरून पडली आणि शेजारीण येईपर्यंत तशीच पडून राहिली. तेव्हापासून उधाणाच्या दिवशी माझं कामात लक्ष लागत नाही. तो बांध मला हवा होता. देणाऱ्यांवर मात्र काडीचा विश्वास नव्हता.

सभेत टेबलावर भला मोठा नकाशा पसरला होता. जिथं पाणी येतं तिथं निळे गोल स्टिकर लावायचे. बायकांनी लगेच त्यांना टिकल्या म्हणायला सुरुवात केली. समजावून सांगायला एक तरुण मॅडम होत्या, शांत आणि मनापासून बोलणाऱ्या. मला त्यांच्या मनापासूनपणाचीच जास्त धास्ती वाटली.

"आजी, तुमच्याकडे पाणी येतं का?" त्यांनी आईला विचारलं.

"नाय बाय. आमचे घरान पानी कदी आला नाय," आई म्हणाली आणि तिनं टिकली नेमकी खाडीच्या मधोमध चिकटवली. पाणी तिथं असतंच, त्यात खोटं काय? मागोमाग सगळ्या गावानं तेच केलं. नकाशातली खाडी निळ्या टिकल्यांनी गच्च भरली आणि गाव कोरडं ठणठणीत राहिलं. घरी येताना आम्ही पोट धरून हसलो.

काही महिन्यांनी आराखडा दाखवायला पुन्हा सभा झाली. बांधाची लाल रेघ गावापलीकडच्या बिल्डरांच्या टॉवरांपासून निघाली होती आणि आमच्या वेशीपाशी येऊन थांबली होती. पुढं गरज नाही, लोकांनीच तसं सांगितलंय, असं मॅडम म्हणाल्या. ही रेघ आधीच आखलेली होती आणि आम्ही त्यांना आयतं निमित्त दिलं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. पण सिद्ध कसं करणार?

मी उठलो आणि सरळ सांगितलं, "माझ्या आईच्या खोलीत पाणी येतं." गावातली माणसं माझ्याकडे अशी बघू लागली, जणू मी देवाची घंटाच चोरली. मॅडमच्या शेजारचे साहेब त्यांच्या कानाशी लागले. 'जागेचे भाव' एवढंच मला ऐकू आलं. बांध आला की भाव चढतात, म्हणूनच आम्ही पाण्याचं सांगतोय, असा आता त्यांना आमचा संशय येऊ लागला होता.

"मी येऊन बघते," मॅडम म्हणाल्या.

अमावस्येच्या भर दुपारी या, असं मी बजावलं होतं. त्या आल्या ऑफिसची गाडी मिळाली त्या दिवशी, अष्टमीला. तेव्हा भांगाची भरती, म्हणजे खाडीचं पाणी जेमतेम हलतं. आईची लादी कोरडी खडखडीत होती. भिंतीला खार धरतो म्हणून मी कमरेइतक्या टाइल्स लावल्यात, त्यामुळे डागही दिसेना. मॅडम निघणार तेवढ्यात त्यांचं लक्ष खाटेखाली गेलं. त्या वाकल्या.

"आजी, या विटा कशासाठी?"

मला हायसं वाटलं. बाई हुशार होती.

"झारू माराला बरा परतं, बाय," आई म्हणाली.

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. चहा पूर्ण प्यायल्या आणि गेल्या.

मी आईवर भडकलो. "आये, तुझ्यासाठीच बोललो ना मी सगळ्यांदेखत? मग खोटं का बोललीस?"

"गावानी देवापुरं ठरवलाय. गाव मोकला करल तवा सांगन," ती शांतपणे म्हणाली. मग मॅडमचा कप उचलत म्हणाली, "बाय चांगली हाय. पन तिचा सायेब कसा हाय, तुला म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं. आयुष्यभर प्रत्येक साहेबाबद्दल मी हेच विचारत आलोय.

आईनं तो कप विसळून पालथा घातला, भिंतीवरच्या पंचांगात अमावस्या पाहिली आणि खाटेवर पाय वर घेऊन बसली.

"उद्या येताना चार ईटा आन," ती म्हणाली. "एकेक आनखी लागल."