मेंबरसाहेबांची घागर

भातकुलीला आमच्या शेजारी कौन्सिलचे मेंबर राहत. नागपूरचं अधिवेशन जवळ आलं, की ते ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, "बोल, कोनती गोष्ट मांडू?" ऐकताना डोळे मिटून घेत. नवख्याला वाटे, झोपले.

त्या वर्षी सरकारी विहिरी सगळ्या जातींना खुल्या कराव्यात, असा ठराव ते मांडणार होते. त्यांची म्हातारी आई आतून ओरडली, "सरकारच्या काहून? पहिले आपली खुली कर!" पोरगा गप्प बसेल, असं तिला वाटलं असावं.

दुसऱ्याच दिवशी ते स्वतः महारवाड्यात गेले आणि तिथल्या लोकांना आपल्या विहिरीवर घेऊन आले. आईनं त्या विहिरीचं पाणी पिणं सोडलं. त्यांनी वाद घातला नाही. रोज सकाळी आमच्या विहिरीवर येत आणि तिच्यापुरती घागर खांद्यावरून नेत. गल्ली हसे.

नागपूरला निघायच्या दिवशी स्टेशनावर जायला बैलांची दमणी जुंपून दारात उभी होती आणि ते आमच्याकडे पाणी शेंदत होते.

"भाऊसाहेब, गाडी चुकन ना!" मी म्हणालो.

"चुकू दे," ते म्हणाले. "तिचं म्हननं मले पटत नाई. पन तिची तहान तं खरी हाय ना?"