उजवीकडे वळताना

नलूताई गेल्याची बातमी मला मोबाइलवरच्या एका फुलांच्या चौकटीतून कळली. तिच्या गोदामाच्या मॅनेजरनं ग्रुपवर टाकलेली, तिथून कुणीतरी मला पुढे ढकललेली. ‘दिव्यांग असूनही अखेरपर्यंत हसतमुखाने कार्यरत राहिलेल्या...’ हसतमुखाने? ही बाई भांडखोर होती, संशयी होती, चहात साखर जास्त पडली तर टपरीवाल्याचा उद्धार करायची. आणि ‘असूनही’ या एका शब्दासाठी तिनं माझं अख्खं पत्रक फाडून माझ्याच हातात ठेवलं होतं. “पाय बारीक हाय माजा, बाय. मी बारीक नाय.” पनवेल स्टेशनबाहेर मी फुटपाथ आणि रॅम्पच्या मागणीची पत्रकं वाटत होते, तेव्हाची ही आमची पहिली भेट. त्या फाटक्या पत्रकातून आमची मैत्री झाली. मॅनेजरला मात्र तो शब्द अजूनही सुचतो, आणि चौकटीखाली हात जोडलेली चित्रं टाकणाऱ्या एकालाही तो खटकत नाही.

नलूताई करंजाड्यात एकटी राहायची आणि द्रोणागिरीच्या गोदामात कंटेनरची कागदपत्रं सांभाळायची. उजवा पाय लहानपणी पोलिओनं नेलेला. मोटरसायकलचं मागचं चाक काढून तिथे आडवा आस आणि दोन चाकं बसवून घेतलेली, पायाचा ब्रेक हातावर आणलेला. या तीनचाकीवर ती ट्रेलरांच्या रांगांमधून रोज जायची. रिक्षावाल्याची मेहेरबानी नाही, भाच्याला फोन नाही, कुणाच्या खांद्याला हात नाही. ही गाडी तिला नुसती कामावर नेत नव्हती. कुणाला न विचारता घराबाहेर पडता येणं म्हणजे काय, ते तिला या गाडीनं पहिल्यांदा दाखवलं होतं.

आणि ती गाडी अधूनमधून मरायला लागली. चालता चालता इंजिन गप्प. तेही हायवेवरून गोदामाकडे वळताना, समोरून ट्रेलर येत असताना. चावी बंद करून पुन्हा चालू केली की गाडी अशी सुरू व्हायची, जणू काही झालंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरनं काय केलं ते ऐका. उभ्या गाडीला मशीन जोडलं, स्क्रीनवर काही दिसलं नाही, ‘ओके’ म्हणून परत दिली. पुन्हा नेली तर प्लग बदलला. पुन्हा नेली तर बॅटरी. एकदा त्यांच्या माणसानं चालवून बघितली. दुचाकीच्या सवयीनं तो वळायला अंग कलवून बसला, तीनचाकी कशाला ऐकते, ती सरळ वॉचमनच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर गेली. त्यानंतर तिथे कुणी ती गाडी वळवलीच नाही. सरळ नेली, सरळ आणली. टेबलामागचा साहेब तिच्याकडे न बघता मला म्हणाला, “मॅडमच्या पायाचा प्रॉब्लेम आहे ना, गिअर टाकताना कन्फ्युजन होत असेल. घरचं कुणी चालवायला नाही का?”

“गिअर डाव्या पायानं टाकतात रे,” नलूताई म्हणाली, “माजा डावा पाय तुज्यापेक्षा बरा हाय. बघायचाय का?”

मी लगेच पत्रकाचा मजकूर मनात जुळवायला घेतला होता. मोर्चा, निवेदन, दारात ठिय्या... तिला त्यातलं काही नको होतं. तेवढा वेळच नव्हता, कारण तिकडे मॅनेजर पाठी लागला होता. “ताई, रस्त्यात बंद पडलात तर जबाबदारी कुणाची? आपली बस आहे ना. नाहीतर घरी बसा काही दिवस.” त्या बसची पहिली पायरी माझ्याच गुडघ्याच्या वर येते. तिला चढायचं तर दोघांनी उचलायला हवं. म्हणजे प्रश्न सरळ होता: गाडी सुधारत नाही तर नलूताई रोज सामानासारखी उचलली जाणार, किंवा घरात बसणार.

एका रविवारी तिच्या इमारतीसमोरच्या मोकळ्या प्लॉटवर आम्ही गेलो. “सरळ कवाच नाय बंद पडत,” ती म्हणाली. “डावीकडं पन नाय. उजवीकडंच मरते.” मी विचारलं, हे तू त्यांना सांगितलं नाहीस? “विचारलं कुनी?” तिनं डावीकडे गोल गोल फेऱ्या मारल्या, गाडी मजेत. उजवीकडे फिरवली, दुसऱ्या फेरीत ठप्प. पुन्हा तेच. पुन्हा तेच.

मग मी मोबाइलवर शोधाशोध केली. अशा गाड्यांत एक सेन्सर असतो. गाडी आडवी पडली असं त्याला वाटलं की तो इंजिन बंद करतो. आम्ही सीट काढली. मागची चाकं बसवणाऱ्यानं तो सेन्सर मूळ जागेवरून काढून नव्या पाइपला प्लास्टिकच्या पट्टीनं आवळला होता, चांगला डावीकडे कललेला. दुचाकी वळताना स्वतः कलते. तीनचाकी ताठ राहते, म्हणून उजवीकडे वळलं की सेन्सरच्या आतलं वजन डावीकडे फेकलं जातं. हा बिचारा आधीच अर्धा झोपलेला, त्याला वाटायचं, पडलो! खात्री करायला तिनं पट्टी कापली, वायरीसकट तो सेन्सर माझ्या मुठीत दिला आणि मला मागे बसवलं. “सरळ धर, बाय. तू कलंडलीस तर तिला वाटंल आपन दोगी मेलो.” उजवीकडे गोल, गोल, गोल... गाडी एकदाही थांबली नाही. मी मागून ओरडत होते, ती पुढून शिव्या घालत होती, सर्व्हिस सेंटरच्या साहेबाला, प्रत्येक फेरीला नवी.

चाकं बसवणाऱ्याकडे गेलो तर तो हसला. “एवढंच ना? जंपर मारून टाकतो, वायरीला थेट वायर, सेन्सरच नको. सगळे तेच करतात.” खरंच, सगळे तेच करतात. खरं सांगायचं तर मलाही ते पटलं होतं. नलूताई भडकली. “आनि खरंच पडले तर? गाडी अंगावर, चाकं फिरतायत, पाय काडता येत नाय... कोन बंद करनार, तू येनार? खोटं बोलू नको, इतकंच सांगायचं त्या सेन्सरला. गप नाय बसवायचा.” त्यानं तोंड वाकडं करत नवी लोखंडी पट्टी ठोकली. तिनं शेजारच्या बांधकामावरून पाणसळ मागून आणली, सेन्सरवर धरली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्याला स्क्रू आवळू दिला नाही.

त्यानंतर ती गाडी मेली नाही. मॅनेजरनं बसचा विषय काढला नाही, आणि माफीही मागितली नाही.

आता शोकसभेत कुजबुज काय, तर एवढ्या तापात ती एकटी गाडीवरून हॉस्पिटलला गेली. कुणाला हाक मारायची नाही का? हट्टी बाई. गाडीनंच घात केला. अहो, घात न्यूमोनियानं केला. डॉक्टरांनी तसं सांगितलंय. ती एकटी गेली कारण तिला एकटीला जाता येत होतं. जन्मभर उचलून नेऊ बघणाऱ्यांना एवढं कळत नसेल, तर फुलांच्या चौकटी कशाला?

दहाव्यानंतर भाच्यानं मला चावी दिली, गाडी आणशील का म्हणून. हॉस्पिटलच्या फाटकातून आत गेलं की दुचाक्यांची जागा उजव्या हाताला आहे. वळण अगदी अरुंद, शिवाय चढ. गाडी तिथेच उभी होती, नीट रांगेत, हेल्मेट आरशाला अडकवलेलं. हँडल उजवीकडे वळवून कुलूप लावलेलं.

अंगात एवढा ताप, छाती भरलेली... आणि तिनं ते वळण घेतलं होतं.