कात्रीबाईंची राहिलेली चांदणी

कपडे शिवणाऱ्या या बाईंना सगळी गल्ली कात्रीबाई म्हणायची, आणि ते काही टेबलावरच्या कात्रीमुळे नव्हे. कुणी गिऱ्हाईक "पोटाशी जरा सैल ठेवा" म्हणालं, की बाईंचं उत्तर तयार: "कापड मी सैल ठेवते, तोंडाला टाका तुम्ही घाला."

शकुन-अपशकुन त्यांच्या गावीच नव्हते. मांजर आडवं गेलं तर त्या मांजराचीच कीव करायच्या, "अरेरे, सकाळी सकाळी माझं तोंड बघितलंस!" नाताळची सजावट तर दुसऱ्याच दिवशी ओरबाडून काढायच्या. चमकी गिऱ्हाइकांच्या कपड्यांवर पडते म्हणून.

पण यंदा दिव्यांच्या माळा आणि चांदण्या लावायला नवा वायरमन आला. उंच, विधुर, अबोल. खिळा ठोकण्याआधी "इथे चालेल ना, बाई?" असं विचारणारा. आणि बाईंना एकाएकी शास्त्रं आठवायला लागली.

नाताळच्या दुसऱ्या दिवशी तो शिडी घेऊन हजर. "उतरवू?"

"अहो, नवं वर्ष लागायच्या आत? बरकत जाते म्हणतात! बसा, चहा घ्या."

नवं वर्ष लागल्यावर आला, तर शुक्रवार निघाला. शुक्रवारी म्हणे माळेला हात लावू नये. पुन्हा चहा. मग एक दिवस आभाळच आलं, तेही अशुभ. त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटंही होती.

वर माडीवर भावाची बायको राहायची. तिचा कान खिडकीला शिवलेलाच असे.

"वन्सं, मागच्या साली ओढताना तुम्ही चांदणीचा पाय मोडलात. तेव्हा कुठे होतं हे शास्त्र?"

"वयाबरोबर अक्कल येते, वहिनी. काहींना उशीर लागतो. धीर सोडू नका."

घोळ एवढाच झाला, की वायरमनने सगळं खरं मानलं. शिवाय चार जाणत्यांना विचारूनही आला.

"बाई, सहा जानेवारीला सूर्य मावळायच्या आत सगळं उतरलंच पाहिजे. नाहीतर भुतं शिरतात घरात. आणि चुकून काही राहिलंच, तर पुढच्या नाताळपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

बाईंचा चेहरा उसवला. आपणच शिवलेल्या झग्यात आपलाच पाय अडकावा, तशी गत. एकदा माळा उतरल्या, की हा माणूस थेट डिसेंबरात दिसणार!

सहा तारखेला तो आला आणि मुकाट कामाला लागला. बाई शिडी धरून उभ्या राहिल्या. शिडीला आधाराची काही गरज नव्हती. एकेक माळ खोक्यात गेली. चहात बाई साखर विसरल्या, तो तसाच प्याला. समोरच्या पाण्याच्या टाकीमागे सूर्य बुडाला.

"येतो, बाई."

"या. डिसेंबरात." कात्रीला धारच नव्हती.

तो उंबऱ्यातच थबकला. "मागच्या दारावर एक चांदणी राहिली."

"राहिली? अहो, मग काढा की!" बाई बोलून गेल्या आणि स्वतःचीच जीभ चावली.

"आता कशी काढणार? सूर्य मावळला. आता वर्षभर राहणार ती. वायर जुनी आहे, रोज येऊन बघावं लागेल."

"विसरलात?"

वायरमन शिडीवर उगाचच फडकं फिरवत राहिला. "आजवर एक खिळासुद्धा विसरलो नाही, बाई."

वरची खिडकी करकरली. "वन्सं, चहा दोघांचा टाकू की तिघांचा?"

"दोघांचाच टाका, वहिनी. आणि ती खिडकी लावून घ्या. भुतं शिरतात!"